वावरातल्या पावलांचा हिशेब

पावलांच्या आकड्यावर एखादी सरकारी योजना, विम्याची सवलत किंवा आरोग्य मोहीम उभी करायची असेल, तर तो आकडा कोणत्या नियमाने काढला हे आधी जाहीर व्हायला हवं, आणि तो नियम वावरात राबणाऱ्या माणसांवर तपासलेला असायला हवा. हे दोन्ही होत नाही तोवर विदर्भातल्या गावांसाठी पावलांचा आकडा निकष म्हणून वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मनगटी सेन्सरच्या नोंदी वाचणं हे माझं रोजचं काम आहे आणि माझं घर दारव्हा तालुक्यात, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात आहे. त्यामुळे घड्याळात काय चालतं तेही मला माहीत आहे आणि वावरात काय चालतं तेही.

घड्याळ पावलं मोजतं असं आपण सहज म्हणतो, पण घड्याळाला पाऊल दिसत नसतं. त्याच्या आत नखाहून लहान चिप असते. तिच्यातला सिलिकॉनचा एक सूक्ष्म भाग हालचालीबरोबर किंचित सरकतो आणि त्यावरून तीन दिशांमधलं त्वरण सेकंदाला पन्नास-शंभर वेळा नोंदवलं जातं. हात मांडीवर निवांत ठेवला तरी तिथे शून्य येत नाही, गुरुत्वाकर्षणाचं त्वरण दिसतच राहतं. हात हलला की त्यावर चढउतार उमटतात. यंत्राच्या हाती येते ती एवढीच, आकड्यांची एक लांबलचक रेघ. त्या रेघेतलं कुठलं वळण म्हणजे पाऊल आणि कुठलं म्हणजे केसांवरून फिरवलेला हात, हे ठरवणारा नियम माणसाने लिहिलेला असतो. तो नियम म्हणजे अल्गोरिदम. नियम बदलला की पावलं बदलतात.

किती बदलतात? अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत २०११ ते २०१४ या काळात हजारो लोकांच्या मनगटावर सात-सात दिवस सेन्सर बांधले होते, सेकंदाला ८० नोंदी घेणारे. पुढे संशोधकांनी त्याच कच्च्या नोंदींवर पावलं मोजण्याचे वेगवेगळे अल्गोरिदम चालवून पाहिले. माणसं तीच, मनगटं तीच, दिवसही तेच. एका अल्गोरिदमच्या हिशेबाने प्रौढ माणसं दिवसाला सरासरी सुमारे २,५०० पावलं चालत होती आणि दुसऱ्याच्या हिशेबाने सुमारे १२,०००. जवळजवळ पाचपट फरक. एकाच्या मते तो देश बसून होता, दुसऱ्याच्या मते चांगला चालता-फिरता.

याच अभ्यासातली दुसरी गोष्टही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी. कुठलाही अल्गोरिदम घेतला तरी जास्त पावलं भरणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी, हा संबंध दिसलाच. म्हणजे हे आकडे टाकाऊ नाहीत. कोण जास्त चालतं आणि कोण कमी, हा क्रम ते बऱ्यापैकी धरतात. एकच माणूस, एकच घड्याळ आणि तोच अल्गोरिदम असेल, तर गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात चालणं वाढलं का, हेही ते सांगू शकतात. गडबड होते ती 'अमुक इतकी पावलं झाली तरच' अशी रेषा आखल्यावर. कारण ती रेषा कुठे पडेल हे माणसाच्या पायांपेक्षा घड्याळाच्या नियमावर ठरतं.

आता हे नियम एकमेकांशी कसे ताडायचे ते पाहू. सगळ्यात सोपी पद्धत शिखरं मोजण्याची. तीन दिशांच्या त्वरणांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं, म्हणजे घड्याळ मनगटावर कसंही फिरलं तरी एकच आकडा हाती राहतो. रेघ जरा गुळगुळीत करायची आणि ठरावीक उंची ओलांडणारं प्रत्येक शिखर म्हणजे एक पाऊल धरायचं. दोन शिखरांत साधारण पाव सेकंदाचं तरी अंतर हवं, अशी अट घालायची, कारण चालणारा माणूस त्याहून भरभर पावलं टाकत नाही. दुसरी पद्धत ताल शोधते. नेहमीच्या चालीत माणूस सेकंदाला साधारण दीड ते अडीच पावलं टाकतो. रेघेचा तुकडा स्वतःवरच थोडा सरकवून पाहिला आणि तो पुन्हा जुळला, तर तिथे ताल आहे. मग त्या वेळात किती पावलं बसतात याचा हिशेब. तिसऱ्या पद्धतीत पावलाचा एक नमुना आधी ठरवतात आणि रेघेत त्याच्यासारखे तुकडे हुडकतात. चौथी पद्धत मशीन लर्निंगची. तिथे नियम कोणी लिहून देत नाही, हजारो खऱ्या पावलांच्या नोंदी दाखवून यंत्राकडून तो शिकवून घेतला जातो.

शिखरवाली पद्धत सुटं, एकटं पाऊलही पकडते, पण कुठल्याही धक्क्याला फसते. तालवाली पद्धत धक्क्यांना फसत नाही, पण तालात नसलेलं पाऊल तिच्या लेखी पडलेलंच नसतं. उंची वाढवली की खोटी पावलं कमी होतात आणि सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची खरी पावलंही गळतात. उंची उतरवली की म्हातारीची पावलं सापडतात आणि भांडी घासणंही चालण्यात जमा होतं. या ओढाताणीतून कुठल्याही पद्धतीची सुटका नाही. प्रत्येक अल्गोरिदम बनवणारा कुणाची चूक पोटात घालायची आणि कुणाची नाही, हे ठरवूनच बसलेला असतो. बहुतेकांनी ते ठरवलं ते फुटपाथवर आणि ट्रेडमिलवर हात हलवत सलग चालणाऱ्या माणसाकडे बघून.

हे मी हवेत बोलत नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी फोनची अ‍ॅप आणि मनगटी पट्टे तपासले, तेव्हा १४ निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर ताशी तीन मैलांच्या वेगाने ५०० आणि १,५०० पावलं चालवलं होतं. २०१३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी २७ जणांचे फोन खिशात, हातात, पिशवीत ठेवून बरेच अल्गोरिदम एकमेकांशी ताडले. त्यात साध्या शिखर-मोजणीची एक पद्धत गुंतागुंतीच्या पद्धतींच्या तोडीस तोड निघाली, चूक दीड टक्क्याच्याही आत. हे अभ्यास चांगले आहेत आणि त्यांनी आपल्या मर्यादाही लपवलेल्या नाहीत. पण त्यातली माणसं चालण्यासाठी म्हणून चालत होती. आमच्याकडे मुद्दाम चालायला म्हणून फार कमी माणसं निघतात. इथलं बहुतेक चालणं कामाच्या पोटात असतं.

निंदण घ्या. सोयाबीनच्या तासात, म्हणजे दोन ओळींमध्ये, बाई उकिडवी बसते, खुरप्याने तण काढते आणि बसल्या-बसल्या पुढे सरकते. मध्येच उठते, तणाचा भारा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या कडेच्या बांधावर, टाकून येते, पुन्हा बसते. दिवसभरात पायांचे स्नायू किती झिजतात हे तिच्या गुडघ्यांना विचारा. घड्याळाला मात्र त्यात चालणं सापडत नाही. खोटी मोजणी टाळण्यासाठी बरीच घड्याळं सलग काही पावलं मिळाल्याशिवाय मोजणीच सुरू करत नाहीत. अट पुरी झाली की मागची पावलंही जोडतात, पुरी झाली नाही तर ती गेलीच. शहरातल्या माणसासाठी ही अट शहाणपणाची आहे, खुर्चीत बसून हात हलवला म्हणून पाऊल पडू नये. निंदणीत, वेचणीत, गोठ्यात माणूस दोन-तीन पावलं टाकतो आणि थांबतो. त्याचा अख्खा दिवस या अटीखाली येतो.

गावातल्या एका मावशींच्या हातात मी घड्याळ बांधलं, तेव्हा त्यांनी थेट विचारलं, "उभ्यानं चाललं तेच धरते का वं हे? बसून सरकलं ते नाई?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि या शाखेतल्या शोधनिबंधांमध्येही ते मला सापडलेलं नाही. बसून सरकणं हे पाऊल आहे का? असेल तर एक की अर्धं? त्यात शरीराची ताकद खर्च होते याबद्दल तर दुमत नाही.

कापसाच्या वेचणीत आणखी वेगळं घडतं. बाई पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून चालते, कमरेला ओटी बांधलेली. डाव्या हाताने फांदी धरायची, उजव्याने बोंडातला कापूस ओढायचा, पाकळ्यांची टोकं बोटांत शिरू नयेत म्हणून मनगट जरा वळवून. मूठ भरली की ओटीत. एका झाडापाशी असं पाच-दहा वेळा, मग एक पाऊल पुढे. उजव्या मनगटावरच्या सेन्सरची कच्ची रेघ मी पडद्यावर पाहिली आहे. चालण्याची रेघ करवतीच्या दात्यांसारखी एकसारखी असते. इथे बारीक, अनियमित लहरींची दाटी होती आणि खरं पाऊल त्या दाटीत कुठेतरी बुडालेलं. डोळ्यांसमोर रेघ असूनही पाऊल नेमकं कुठे पडलं हे मला व्हिडिओ लावल्याशिवाय ओळखता आलं नाही. शिखर मोजणाऱ्या नियमाची उंची कमी असेल तर तो हाताच्या झटक्यांना पावलं म्हणेल, जास्त असेल तर सगळंच सोडून देईल. मनगटात बांगड्या असतील तर त्या घड्याळावर आपटतात, त्याचे बारीक धक्के वेगळेच. सेन्सर बाईच्या मनगटावर बांधायचा असं ठरवणाऱ्याने काचेच्या डझनभर बांगड्या गृहीत धरलेल्या नसतात.

पूर्वेकडे गेलात तर गोंदिया-भंडाऱ्याकडची भाताची रोवणी. बांधीत घोट्याच्या वर चिखल, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची जुडी, पाठ वाकलेली आणि चाल उलटी, मागे-मागे. चिखलातून पाय काढायला वेळ लागतो. पाय खाली जातो तेव्हा जमिनीचा कडक धक्का लागत नाही, माती तो गिळून टाकते. शिखर मोजणारा प्रत्येक नियम त्या धक्क्यावर उभा आहे. डोक्यावर गुंड, म्हणजे हंडा, घेऊन पाणी आणणाऱ्या बाईचा एक हात गुंडाला धरलेला असतो. हात स्थिर राहिला की मनगटी घड्याळ पावलं चुकवतं, हे बाबागाडी ढकलणाऱ्या आणि वॉकर धरून चालणाऱ्या माणसांवर झालेल्या चाचण्यांत दिसलेलं आहे. म्हणजे डोक्यावर दहा-पंधरा किलो वजन घेऊन, हात टेकवून चाललेली पावलं कमी भरण्याची शक्यता मोठी, आणि मोकळ्या हाताने मारलेली शतपावली पुरेपूर भरणार. उलट, पांदण रस्त्यावरून मोटारसायकल नेली की खड्ड्यांचे धक्के कधीकधी पावलांत जमा होतात. मोटारसायकल बहुतेक घरात पुरुषाकडे असते आणि गुंड बाईकडे. चूक कुणाच्या बाजूने झुकते आणि कुणाच्या विरुद्ध, ते यातच दिसतं.

फोनचं तर विचारूच नका. कामाच्या वेळी फोन शिदोरीच्या पिशवीत, धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला असतो.

इथून तुलनेचा खरा कठीण भाग सुरू होतो. दोन अल्गोरिदम ताडायचे तर खरी पावलं किती हे आधी माहीत हवं. ऑक्सफर्डच्या एका गटाने ३९ स्वयंसेवकांच्या अंगावर पायांकडे रोखलेला कॅमेरा लावला, त्यांना रोजचं जगू दिलं आणि मग चित्रण बघून एकेक पाऊल नोंदवलं. काम चिकाटीचं आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. त्या नोंदी सर्वांना खुल्या केल्यामुळे आज कुणालाही आपला अल्गोरिदम त्यावर तपासता येतो. पण तिथे पाऊल म्हणजे काय हा प्रश्न फारसा अडत नाही. रोवणीच्या चिखलात पाय अर्धवट उचलून तिथेच रोवला तर ते पाऊल धरायचं का, यावर चित्रण बघणाऱ्या दोघांचं एकमत होणं कठीण आहे. म्हणून आधी आपल्याकडच्या कामांसाठी पावलाची व्याख्या ठरवावी लागेल आणि ती ठरवताना ते काम केलेली माणसं टेबलाशी असावी लागतील.

चूक मोजण्याची रीतही नीट निवडायला हवी. बहुतेक ठिकाणी दिवसाची बेरीज ताडतात. घड्याळाने ८,००० सांगितली, खरी ८,१०० होती, म्हणजे उत्तम. पण समजा निंदणीतली हजार खरी पावलं गळाली आणि मोटारसायकलवरची नऊशे खोटी पावलं जमा झाली, तरी बेरीज अशीच छान येते. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि कागदावर यंत्र अचूक ठरतं. दुसऱ्या दिवशी मोटारसायकल घरीच राहिली की तेच यंत्र उघडं पडतं. म्हणून तुलना पावलागणिक व्हावी. खऱ्या पावलांपैकी किती सापडली आणि सापडलेल्यांपैकी किती खरी होती, हे दोन आकडे प्रत्येक कामासाठी वेगवेगळे मांडावेत. निंदणीचे वेगळे, वेचणीचे वेगळे, मेळघाटातल्या चढ-उतारांचे वेगळे. सगळ्यांची मिळून एक सरासरी दिली की ज्याचं नुकसान होतं त्याचंच नाव त्यातून पुसलं जातं.

दहा हजारांच्या आकड्याबद्दल थोडक्यात. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये जपानमधल्या एका घड्याळ कंपनीने कमरेला लावायचं पाऊलमापक बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. आकडा लक्षात राहणारा होता, तो जगभर गेला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या गटाने सोळा हजारांहून अधिक वयस्कर अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढत नव्हता. तो सेन्सर कमरेला लावलेला होता. कमरेच्या मोजणीवरून आलेला आकडा मनगटावरच्या वेगळ्या अल्गोरिदमला लावणं चुकीचं आहे, मग तो दहा हजार असो की साडेसात.

मोजमापाची शिस्त काय असते याचं आपल्याच देशातलं मोठं उदाहरण आहे. सर्वेक्षण खात्याने एकोणिसाव्या शतकात नैनसिंह रावत यांना तिबेटची मोजणी करायला पाठवलं. चढ असो की उतार, प्रत्येक पाऊल सारख्या लांबीचं पडेल आणि मैलाला दोन हजार पावलं भरतील, असा सराव त्यांच्याकडून करून घेतला होता. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, शंभर पावलांना एक मणी. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले. तिथे माणसाने आपली चाल मापाला जुळवून घेतली, कारण मोजणं हेच त्याचं काम होतं. रोजंदारीवर निंदायला गेलेल्या बाईकडून आपण ही अपेक्षा करू शकत नाही. घड्याळात भरावं म्हणून तिने वेगळं चालावं, असं कुणी सुचवलं तर ते अन्यायाचं आहे. जुळवून घ्यायचं ते मापाने.

गावात किती जणांकडे अशी घड्याळं आहेत, मग एवढी चिंता कशाला, असं मला विचारतात. एक तर हजार-दोन हजारांची घड्याळं तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या मनगटावर ती दिसू लागली आहेत. दुसरं, आकडा घड्याळाच्या पुढे निघून गेला आहे. विमा नियामकाने २०२० मध्ये आरोग्य विम्यातल्या वेलनेस सवलतींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पावलं भरली तर हप्त्यात सूट देणाऱ्या योजना बाजारात आहेत. केंद्राच्या फिट इंडिया अ‍ॅपमध्ये पावलं मोजण्याची सोय आहे. मधुमेह आणि रक्तदाब आता गावातही घरोघरी ऐकू येतात, तेव्हा उद्या उपकेंद्रातून पट्टे वाटले गेले तर नवल नाही. असे पट्टे यावेत, मला ते हवेच आहेत. पण त्या पट्ट्याने निंदणाऱ्या बाईला 'तुम्ही आज पुरेशी हालचाल केली नाही' असं सांगितलं, तर दोनपैकी एक होईल. तिचा त्या पट्ट्यावरचा आणि तो देणाऱ्या आशाताईवरचा विश्वास उडेल, किंवा त्याहून वाईट, ती यंत्राचं खरं मानून दिवसभराच्या कष्टांवर आणखी चालायला निघेल. तिला चालण्यापेक्षा विश्रांती, पोटभर अन्न आणि गुडघ्यांवर उपचार हवे असतील, ही शक्यता पावलांच्या आकड्यात दिसतच नाही. आणि अशा हजारो मनगटांच्या नोंदी एकत्र करून 'ग्रामीण महिला कमी सक्रिय' असा निष्कर्ष एखाद्या अहवालात छापला गेला, की त्यावरून पुढची धोरणं ठरतील.

वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो, ओटीतला कापूस तोलला जातो आणि तिथे प्रत्येक बाईचं लक्ष काट्यावर असतं. बाजार समितीत, जिनिंगवर गाडी जाते तिथल्या काट्याला २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे. त्या काट्याची ठरावीक मुदतीने पडताळणी करून शिक्का मारावा लागतो आणि शंका आली तर शेतकऱ्याला तक्रार करता येते. काट्याच्या आतली कमान कशी आहे हे शेतकऱ्याला कळण्याची गरज नाही. कुणीतरी तिसऱ्याने ती प्रमाणित वजनाशी ताडून पाहिली आहे, एवढं पुरतं. ज्या आकड्यावर हप्ता, बक्षीस किंवा सरकारी लाभ ठरणार आहे, त्याला निदान एवढी पडताळणी हवी. आज घड्याळातल्या मोजणीला कुणाचा शिक्का नाही. कंपनी सॉफ्टवेअर अद्ययावत करते आणि काल चाललेलं तेवढंच अंतर आज वेगळी पावलं दाखवू शकतं. नियम बदलला हे कुणी कळवतही नाही.

माझ्या क्षेत्रातले मित्र म्हणतात, हे सगळं मशीन लर्निंग सोडवेल. त्यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेते, कारण मनगटावरच्या नोंदींत शिकवलेले अल्गोरिदम जुन्या पद्धतींपेक्षा सरस ठरल्याचं मी पाहिलं आहे. ब्रिटनच्या यूके बायोबँकमध्ये सुमारे एक लाख लोकांच्या आठवडाभराच्या मनगटी नोंदी आहेत आणि त्यांच्या जोरावर असं शिकवणं शक्य झालं. पण शिकवलेला अल्गोरिदम जे पाहिलं त्यातलंच ओळखतो. त्या लाखात रोवणी करणारं, तेंदूपत्ता तोडणारं, डोक्यावर मोळी घेऊन घाट उतरणारं कुणी असण्याचं कारण नाही. आणि जिथे साधा नियम चुकतो तिथे का चुकला ते वाचून कळतं, उंची बदलून पाहता येते, गावातल्या बारावी झालेल्या मुलीलाही ते शिकवता येतं. शिकवलेल्या अल्गोरिदमच्या चुकीचं कारण बनवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की सार्वजनिक कामासाठी आधी साधा, खुला, वाचता येणारा शिखर-नियम घ्यावा, त्यातली सलग पावलांची अट आणि उंची आपल्याकडच्या कामांवर बेतावी, आणि त्याची चूक कामागणिक जाहीर करावी. आपल्या नोंदी पुरेशा जमल्यावर शिकवलेला अल्गोरिदम त्याच्याशी ताडून पाहावा. तो खरंच सरस निघाला तर खुशाल वापरावा.

हे करायला दिल्ली-मुंबईची वाट पाहायला नको. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांच्या तुकडीने एक गाव दत्तक घेण्याची जुनी परंपरा आहे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, शेतीतल्या प्रत्येक कामाची शास्त्रीय माहिती तिथे आहे. नागपूरला व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. या चौघांनी मिळून वर्षभराचा एक प्रकल्प घ्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी आणि निंदण, दिवाळीच्या आगेमागे वेचणी, मे महिन्यात तेंदूपत्ता. मनगट आणि कंबर, दोन्हीकडे सेन्सर. पायांकडे रोखलेला कॅमेरा, आणि चित्रण बघून पावलं नोंदवण्याचं काम त्याच गावातल्या मुला-मुलींना, मोबदला देऊन. चित्रणात चेहरे येऊ नयेत, मागे खेळणारी लेकरं येऊ नयेत, ही काळजी सुरुवातीलाच घ्यावी. मग नावं काढून त्या नोंदी सर्वांसाठी खुल्या कराव्यात आणि कुठल्याही कंपनीला सांगावं की विदर्भात लाभ जोडायचा असेल तर तुमचं यंत्र आधी यावर तपासून दाखवा.

एक अट मात्र मी यात सगळ्यात वर ठेवेन. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर फोटो काढून हजेरी घेणं देशभर सक्तीचं झालं आणि नेटवर्क नसलेल्या जागी मजुरांची त्यात किती ओढाताण होते हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती. मनगटावरचं यंत्र आरोग्यासाठी आलं आणि हजेरीसाठी राहिलं, असं व्हायला वेळ लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली असावी असं म्हटलं आहे. पण ज्या मालकाच्या वावरात उद्या कामाला जायचं आहे त्याच्यासमोर बाई नाही म्हणू शकत नाही. म्हणून पावलांच्या या नोंदी कोणत्याही मालकाला, मुकादमाला किंवा ग्रामपंचायतीला कोणत्याही कारणासाठी मिळणार नाहीत, हे प्रकल्पाच्या करारात लिहिलेलं असावं. तो करार मराठीत असावा, मेळघाटात कोरकूत आणि गडचिरोलीत गोंडीत वाचून दाखवला जावा. घड्याळ बांधण्याच्या दिवसाची पूर्ण मजुरी बाईला मिळावी, आणि मध्येच घड्याळ काढून ठेवलं तरी ती कापली जाऊ नये.